धुळाची उलाळ गाडी

मंडळी, ऐका! आज आधी सवाल, मग कथा. ज्याच्यावर आपला जीव, त्याचं ओझं जवळ घ्यावं — की लांब ठेवावं? हं! लगेच "जवळ, जवळ" म्हणू नका. तोंडानं सगळेच जवळ घेतात. हात कुठं वळतो, ते बघायचं!

तर माणदेशातल्या एका वाडीत धुळा कोळपे नावाचा मेंढपाळ. दिवाळी सरली, की दहा-बारा घरं आणि हजारभर मेंढरं कोकणच्या वाटेला लागायची. त्याची आई ठकूबाई. जन्म सगळा चालण्यात गेला! पण दोन वर्षांमागं खुब्याचं हाड मोडलं. घोड्यावर बसवेना, पालात भुईवर निजवेना. मंडळी निघाली, की ती उंबऱ्यात बसायची. मेंढरं पुढून जाताना एकेकीला नावानं हाक मारायची. शेवटची नजरेआड झाली, की चार महिने — एकटी!

गेली मेंढरं गं बाई, धूळ बसली दारात,
पाय माझे त्यांच्या संगं, मी गं एकली घरात!

यंदा धुळानं चंग बांधला — आईला न्यायचंच! त्याच्याजवळ अर्ध्या टनाची पिकप होती. आधी घोडा होता पाखऱ्या; तो गेला, तेव्हा त्याचंच नाव गाडीला दिलेलं. तालुक्याला चाकांवरची एक खोली मिळाली. पत्र्याची, आत पलंग, बाजूला खिडकी. प्रवास आईनं पिकपमध्ये धुळाशेजारी बसून करायचा, मुक्काम या खोलीत. आता ही खोली पाखऱ्यानं ओढायची!

धुळा गेला उस्मानभाई मिस्त्रीकडं. म्हणाला, "मागच्या बंपरला हूक ठोका."

"अरं, बंपर म्हंजे मिशी!" उस्मानभाई हसले. "मिशीला दोर बांधून ओझं वढतंय का कुणी? चेसीला लावू. ती हाडं हायेत!"

हसताय! पण आपल्यापैकी किती जणांचं सगळं मिशीवरच चाललंय!

हूक चेसीला बसला. मागच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगात, जादा पाटा पडला. मागचं दिसावं म्हणून कानाएवढ्या आरशांचे हत्तीच्या कानाएवढे आरसे झाले. खोलीला तिचे स्वतःचे ब्रेक — कारण ओढणारा एकटा किती थोपवणार? आणि खोलीचा जो दांडा हुकात अडकतो, त्याच्याखाली दोन साखळ्या, फुलीसारख्या. "हूक सुटलाच," उस्मानभाई म्हणाले, "तर दांडा भुईत रुतायचा न्हाई. साखळ्यांच्या झोळीत पडंल. लेकरावानी."

सगळं झालं! निघण्याच्या आदल्या सकाळी म्होरके भागूतात्या काठी टेकत आले.

"धुळा, वाडीवरचा घाट नऊ वळणांचा हाय. आज सामान भरून खिंडीपतोर जाऊन ये. खोली डुलली, तर ठकूवैनी घरीच! रस्त्यावर माझी मेंढरं असत्यात."

धुळानं सामान भरलं. पाण्याची टाकी, पिठाचं पोतं, जातं, आईची पेटी. भरून निघाला. सपाट सरळ रस्ता! जरा वेग घेतला — आणि मंडळी, खोली लागली शेपूट हलवायला! डावीकडं, उजवीकडं, डावीकडं! पिकपची मान फिरायला लागली. धुळाचे हात घामानं निसटू लागले. कशीबशी थोपवली. अजून घाट लागलाच नव्हता!

तो परतला. भागूतात्यांनी मान हलवली. "न्हाई जमायचं, पोरा."

धुळाला आईकडं बघवेना. ती काठी टेकत टेकत खोलीपाशी आली.

"वझं कुठं ठिवलंस रं?"

"पार मागल्या टोकाला, आई. पाखऱ्याच्या पाठीला जड नको म्हणून."

बघा मंडळी! जनावर जपणारा जीव! घोड्यावर माया केली तशी लोखंडावर केली. दुसऱ्या कुणाकडून ही चूक व्हायची नाही!

ठकूबाई हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळी हसली!

"आरं येड्या, गाडी उलाळ केलीस! मागं जड, म्होरं हलकी. दांडा सोड, उचलून बघ."

धुळानं दांडा उचलला — एका हातानं वर आला!

"बैलगाडी भरताना तुझा बा असंच बघायचा. एकट्यानं उचलला, तर उलाळ. तिघांना लागला, तर धुरजड, म्होरं लई भार. दोघांना पेलला, की चालली सरळ! आन् तू चार महिन्यांचा व्हतास, तवा तुला पाठीला बांधून घाट उतरले मी. ढिला बांधला असता, तर झोकं खाऊन मलाच पाडलं असतंस. घट्ट बांधला. तू जड न्हाई लागलास, बाबा. तुझ्या वझ्यानं माझं पाऊल ठरलं!"

धुळा खोलीत शिरला. जातं उचललं, चाकांच्या पुढं ठेवलं. टाकी पुढं, पोतं पुढं. शेवटी आईची पेटी — अगदी पुढच्या भिंतीला. मग धुळा आणि भागूतात्या, दोघांनी दांडा धरला. एक, दोन — हो! दोघांना पेलला!

"बस माझ्याशेजारी, आई."

"आत्ताच?"

"तुझी गाडी हाय. तूच बघ डुलती का!"

निघाला पाखऱ्या! सपाटीला वेग घेतला — खोली सरळ! पहिलं वळण — सरळ! चौथं, सातवं, नववं! आरशात खोली अशी मागून येतेय, जशी मेंढीमागं कोकरू! खिंडीत उतरून धुळानं खाली पाहिलं. वाडीतली माणसं टोप्या उडवत होती. सगळ्यात उंच भागूतात्यांची काठी, काठीला बांधलेलं त्यांचंच पागोटं! आणि आईनं पिकपच्या खिडकीतून हात काढून गायला सुरुवात केली —

आले आले रं कोकणा, आले चाकांच्या पायांनी,
लेक हाकतो गाडी गं, मी बसले राणीवानी!

दुसऱ्या दिवशी हजार मेंढरं निघाली. उंबरा मात्र रिकामा होता!

आता तुमच्याकडं वळतो. खाली बघू नका! घर ओढणारे तुम्ही, कबूल. पण म्हातारी आई कुठं ठेवलीय? मागच्या खोलीत! बापाची खाट? मागच्या पडवीत! "आम्हाला जड नको, त्यांनाही त्रास नको" — माया आहे हो, धुळासारखीच माया! आणि मग घर हेलकावतं, भावाला भाऊ धडकतो, आणि आपण म्हणतो — रस्ता वाईट!

रस्त्याला नावं ठेवू नका, बाबांनो. घरी जा, ती पेटी उचला, आणि पुढं आणून ठेवा. दोघांना पेलते!

वाजवा टाळ, ठकूबाईसाठी — आणि ज्याची त्याची आई आठवून, घ्या देवाचं नाव!