मनकर्णेचा भिंतीवरचा हत्ती

...अन् वरून मलेच म्हणते, "तुमच्यानंच झालं हे सारं!" आता तुमाले सांगतो, यात माही काय चूक? हत्ती तिले पायजे होता, मले नाही! जिवंत नाही हो... कपड्याचा! आतून रुई भरलेला, टम्म फुगलेला, भिंतीवर टांगाचा हत्ती!

झालं असं, का मी कापूस घेऊन अमरावतीले गेलो, तं ही मनकर्णा, माही बायको, आली संगं. शेटजीच्या बैठकीत भिंतीवर तिनं पाह्यला कपड्याचा मोर. बोट लावलं का दबे, सोडलं का फुगे! झालं! गाडीतून दारात उतरल्या उतरल्या म्हणे, "अवो, अकोल्याचे लोक आपलं घर पाहाले येतीन, तवा भिंतीवर हत्ती पायजे!"

म्हटलं, "काहून वं? पोरगी आपल्या पोराले, सहदेवले, द्याची हाये का हत्तीले?"

पण तिचंही खोटं नव्हतं. तिकडं सातासमुद्रापार कोनाची तं लढाई लागली, तिथला कापूस बंद झाला, अन् आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले असा भाव चढला, असा चढला, का मी घरातल्या गाद्या उसवल्या, उशा उसवल्या, सारी रुई विकली! मंग सोयरे येत, उघड्या जमिनीवर बसत, इकडंतिकडं पाहत अन् पाणी पिऊन चालले जात. दोन सोयरिकी गेल्या अशा! सहदेवची विशी उलटली, पोट्टा मले पाह्यलं का तोंड फिरवे. लई लागे हो जिवाले... पण तुमीच सांगा, भावच तसा होता, यात माही काय चूक?

तं मनकर्णा बसली हत्तीले. जुन्या लाल लुगड्याचा हत्ती कापला, पांढऱ्या जाड कपड्यावर बारीक टाक्यानं शिवला, डोळ्याले आरशाचा तुकडा, पाठीवर हिरवी झूल... अन् मांगून फाडून ठेवलं जराकसं, रुई भराले. रुई तिनं सोता लोढून, सरकी काढून, टोपलीत ठेवली होती. अशी पांढरीशुभ्र! मी टोपलीकडं पाहो, टोपली माह्याकडं पाहे. एवढ्या मोलाची रुई हत्तीच्या पोटात? कोन पाहून राहिलं आत काय हाये ते? मी गुपचूप टोपली उचलली, अन् तिच्या जागी कवडी ठेवली. कवडी म्हणजे वेचणीतला शेवटचा, किडका, कचऱ्याचा, सरकीसकट कापूस. वरून चार मुठी चांगली रुई पसरली. झाकलं!

मनकर्णानं भरला बिचारीनं बिनापाहता... मन सारं सोयऱ्यात होतं तिचं. अन् हत्ती झाला उंचसखल! पाठीवर गाठी, सोंडेवर गाठी. गोदाबाई शेजारीण आली, नाकाले पदर लावून म्हणे, "अवं मा, तुह्या हत्तीले देवी आल्या का वं?" झालं! मनकर्णा बसली त्याच्यावर पाण्याचे हबके मारत, थोपटत, दाबत. तसाच ओला टांगला ताज्या सारवल्या भिंतीवर, अन् धूळ बसू नये म्हणून वरून झाकलं एक लुगडं. पाणी तिनं मारलं! यात माही काय चूक?

सहाव्या दिवशी अकोल्याहून पोरीचा बाप पुंजारामजी आला, संगं पोरीची आत्या माणिकबाई. गूळपाणी झालं. मनकर्णा ऐटीत उठली अन् हत्तीवरचं झाकण ओढून काढलं...

माणिकबाई किंचाळली, "अवं माय वं! या हत्तीले तं पानं फुटले!"

खरंच हो! कानातून दोन पानं, सोंडेतून दोन पानं, पाठीवर तं अख्खं वावर! हत्तीचं जुनं लुगडं, सरकीनं टराटरा फाडलेलं! मनकर्णानं हत्तीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं. सारं समजली. सहदेव खाली मान घालून अंगठ्यानं जमीन उकरे. म्हटलं, गेली, हीही सोयरीक गेली!

पुंजारामजी उठला. भिंतीपाशी गेला. एक पान चिमटीत धरलं. "नत्थुजी, पेरणीले घोळतो तशी सरकी शेणात घोळली होती का?"

"ना जी."

"निस्त्या पाण्यावर?"

"निस्त्या पाण्यावर."

पुंजारामजी बहिणीकडं वळला, "माणिक, ज्याची सरकी भिंतीवर अशी उगवते, त्याच्या वावरात काय होत असंन? पोरगी इथंच द्याची. फोड सुपारी!"

मले रडूच कोसळलं, तुमाले सांगतो! सहदेव पहिल्यांदा माह्याकडं पाहून हासला. अन् दमणीत चढता चढता पुंजारामजी काय म्हणते? "हत्ती मातर लग्नापर्यंत असाच हिरवा ठेवा. आमच्या साऱ्या भाऊबंदाले दाखवाचा हाये."

लग्न दोन महिन्यानं! मनकर्णा त्याले बोट लावत नाही. म्हणे, "ज्यानं पेरला त्यानं पाहावा!" अन् त्या कवडीत गवताचं बी होतं, तेही उगवलं... एवढी काळी, कसदार जमीन हाये माही, तिथं गडी काम करून राहिले, अन् मालक इथं, घरात, हातात खुरपं घेऊन हत्तीची पाठ निंदून राहिला!