पाइपाची वरची बाजू

—नाही साहेब, सायलेन्सरच्या पाइपाला नुसती पट्टी गुंडाळून मिळणार नाही. तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत, मी तिसऱ्यांदा सांगतो. नुसता आवाजच बंद करायचा असेल तर कानात कापूस घाला, त्याला गॅरेज लागत नाही. राग नका मानू, माझं तोंडच असं आहे. घाई आहे हे दिसतंय मला, बिऱ्हाड हलवताय, संध्याकाळच्या आत पोचायचंय — सगळं मान्य. पण ही व्हॅन — किती दिवस झाले घेऊन? दोन आठवडे. बरोबर, दोन आठवड्यांत माणूस गाडीच्या खाली वाकून बघत नाही, नुसता वरचा रंग बघतो. मी खाली बघितलंय. ही गाडी गंजानेच धरून ठेवलीय साहेब, गंज खरवडला तर चार चाकं आणि हॉर्न उरेल.

चला, बघू तर द्या गळती कुठे आहे ते. गाडी रिकामी आहे ना? नाही, विचारतो मी, सगळ्यांना विचारतो. एरवी मी स्वतः मागचं दार उघडून आत डोकावतो, मगच हात लावतो — हो, दिसतंय की, छतापर्यंत गाद्या-बोचकी कोंबलीत, दार उघडलं तर सगळं अंगावर येईल. राहू द्या मग. आणि ती छोटी? लाल बुटांची? आईबरोबर गेली — बरं. वहिनी कुठे गेल्या म्हणालात? औषधाच्या दुकानात. डोकं दुखतंय. बघा, मी काही बोलत नाही अजून, पण लक्षात ठेवा, डोकं दुखतंय.

हा चिंध्यांचा बोळा. तो मी इथे मागे पाइपाच्या तोंडात कोंबणार आणि तुम्ही गाडी चालू करायची. सगळं धड असेल तर धुराला जायला वाट नाही, इंजिन घुसमटतं आणि बंद पडतं. आपोआप. लावा किल्ली. हं. राहू द्या तशीच, बाहेर या तुम्ही. मी जातो खाली. ऐकताय? फुस-फुस, फुस-फुस. पडलं का बंद? नाही पडलं. मजेत चाललंय. म्हणजे धूर दुसरीकडून निघतोय. आता कुठून, ते शोधायचं.

हे बघा — नाही, तुम्हाला कुठून दिसणार, मी सांगतो — आधीच्या कुणीतरी इथे केलीय मलमपट्टी. डब्याचा पत्रा कापून गुंडाळलाय, वर तारेचे चार वेढे. छान केलंय. खालून बघणाऱ्याला वाटेल, वा, काय चोख काम! पण साहेब, पाइपाला वरची बाजू पण असते. ती कुणी बघत नाही. तिथे डोकं घालायला जागा नाही, हात घातला तर भाजतो, मग काय करतात, खालून पट्टी मारतात, वरच्या फटीत जाडसं काहीतरी ठासतात, आवाज दबतो, गिऱ्हाईक खूश. म्हणून मी हा आरसा ठेवलाय. एवढासा, काठीला बांधलेला. अकरा वर्षं आहे माझ्याकडे, याच्याशिवाय मी पाइपाला हात लावत नाही.

तुम्ही पाय आपटू नका हो. डावा बूट सारखा आपटताय, मला खालून फक्त पायच दिसतात, माणसं मी पायांवरून ओळखायला लागलोय. सांगतो, थांबा. एक सांगा मला — वहिनींचं डोकं गाडीत बसल्यावरच दुखतं का? हं. आणि उतरल्यावर थांबतं. आणि छोटी? काय म्हणालात? — झोपते. बसली की झोपते. त्रास नाही काही, गुणी आहे.

गुणी आहे.

नाही, काही नाही. आरसा फिरवत होतो. एक गिऱ्हाईक होतं — म्हणजे एक बाई होती, तिच्या घरी पण अशीच व्हॅन. आवाज करायची, ट्रॅक्टर बरा. नवऱ्याला घाई, आजच्या आज करून दे. मेकॅनिकने दिली करून. असाच पत्रा, अशीच तार, वरच्या फटीत जुन्या घोंगडीचा तुकडा. आवाज बंद! इतका बंद की ती म्हणाली, अरे, काय जादू केलीस, आता बाळ मांडीवर घेतलं की दोन मिनिटांत झोपतं, घरी तासभर थोपटावं लागतं आणि गाडीत बघ कसं गुणी होतं. आणि मी हसलो. मी म्हणालो, ताई, मग रात्रीसुद्धा गाडीतच ठेव त्याला.

हो. ताईच. सख्खी, माझ्याहून मोठी. आता निघालंच तोंडातून तर निघालं. मेकॅनिक मीच. दुसरा कोण असणार?

तीन आठवडे चालली गाडी. मग एका सकाळी गार हवा होती, काचा वर केल्या, चार तासांचा रस्ता. ताईचं डोकं ठणकत होतं, तिला वाटलं जागरण झालंय. बाळ झोपलंय तर झोपू दे, असं दोघं एकमेकांना म्हणत गेले. दाजी तर गाणंसुद्धा हळू म्हणत होते, उठेल म्हणून. पोचल्यावर उठवायला गेले.

ओरडायचा तो पाइप. तेच बरं होतं. मी त्याचं तोंड दाबलं.

आणि ऐका — तुम्ही परके आहात, उद्या तुम्ही दुसऱ्या गावात, म्हणून बोलतोय. गाडी बघायला मलाच बोलावलं. मी खाली गेलो, घोंगडी ओढून काढली, शर्टात कोंबली, बाहेर आलो आणि म्हणालो, दगड लागलाय. रस्त्यात कुठेतरी दगड लागून पाइप फुटला. का बोललो? कारण दाजी समोर उभे होते, ताई समोर उभी होती, आणि माझी जीभ उचललीच नाही. दाजींनी मान हलवली. म्हणाले, हो, एका ठिकाणी गचका बसला होता खरा. बसला असेलच, कुठल्या रस्त्यावर बसत नाही? त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. अकरा वर्षं तो माणूस बसने जातो, पायी जातो, आणि कुणी विचारलं तर सांगतो, माझी नजर चुकली, दगड दिसला नाही. माझ्यासमोर सांगतो हो! आणि मी चहा पीत असतो. ताई मला दुसरा कप विचारते.

कसला माणूस आहे मी? तुम्ही सांगा. नाही, नका सांगू.

दिसलं. आरशात दिसलं बघा. वरची बाजू पार खाल्लीय, माझी दोन बोटं जातील एवढं भोक. आणि त्याच्या बरोबर वर तुमच्या गाडीचा तळ — तो पण कुजलाय, मला तुमच्या पायपुसण्याचं रबर दिसतंय इथून. म्हणजे आत्ता, बोळा कोंबल्यापासून, सगळा धूर सरळ वर, आत, गाद्यांमध्ये. आता कळलं, वहिनींचं डोकं का — ह्या बघा आल्याच वहिनी. पांढऱ्या चपला, ओळखल्या मी.

दोनच पाय दिसतायत.

साहेब, लाल बूट कुठे आहेत?

तुमची मुलगी कुठाय? वहिनींबरोबर होती ना? वहिनी, छोटी कुठाय? — काय, त्यांच्याजवळ? झोपली होती म्हणून गाडीतच ठेवलीत, त्यांच्या भरवशावर? — अरे किल्ली! किल्ली फिरव! बंद कर आधी! सरक, मला बाहेर येऊ दे — दार उघड, मागचं, पडू दे सामान, फेक त्या गाद्या, फेक रे! मी बघितलं नाही. मी दर वेळी बघतो आणि आज बोलत बसलो — ती बघ, बूट दिसला, त्या बोचक्यामागे — ओढ! हळूबिळू काही नाही, ओढ बाहेर! इकडे, उघड्यावर, रस्त्याच्या कडेला आण. वहिनी, बाजूला व्हा, वारा लागू द्या तिला, नंतर रडा. गळ्याचं बटण काढा. ए चिमणे. ए बाळा, ऊठ. ऊठ गं. मला नाडी नाही कळायची — आरसा! आरसा द्या तो, गाडीखाली राहिला — द्या इकडे. तोंडापाशी धरतो. थांबा. कुणी बोलू नका.

धुरकटला का? बघा ना नीट. मला दिसत नाहीये, डोळ्यांना पाणी आलंय माझ्या, तुम्ही सांगा — धुरकटला? पुसतो, परत धरतो. धुरकटला. धुरकटला! ए चिमणे, उघड डोळे, हं, खोक, खोक अजून — रडतेय. रडू दे. कुणी गप्प करू नका तिला, रडू दे मोठ्याने.

चला, उठा. समोर टेम्पोवाला उभा आहे, माझं नाव सांगा, तो थेट दवाखान्यात नेईल. डॉक्टरांना सांगायचं, गाडीचा धूर गेलाय छातीत, दुसरं काही सांगत बसू नका. वहिनी, तुम्ही पण तपासून घ्या, गोळ्या नका घेऊ त्या. आणि वाटेत झोपू द्यायचं नाही हिला, चिमटे काढा, रडवा, पण झोपू देऊ नका. व्हॅन इथेच राहील. किल्ली माझ्या खिशात आहे, मागू नका.

माझ्याकडे काय बघताय? मी खाली पडून जे बोललो ते तुम्ही ऐकलं नाही, कळलं? — नाही. ऐकलंत. असू दे, ऐकलंत. आता मला पण ताई-दाजींकडे जायचंय.

जा म्हणतो ना. जा!