अंगची ऊब

नवजात बाळांच्या कक्षाबाहेर होटगीहून आलेली आजी आणि तिचा मुलगा शरणबसव बसले होते. आजीच्या मांडीवर नातीसाठी आणलेली नवी चादर होती.

"सोलापुरात चादर आत घेत न्हाईत व्हय?" आजीने मुलाला विचारलं.

"अव्वा, चादर अंगातली ऊब धरून ठेवती. पोरीच्या अंगात ऊबच पुरती होत न्हाई, असं सिस्टर म्हणाली."

"का बरं?"

"चरबी न्हाई. शेवटच्या दोन महिन्यांत बाळाच्या अंगातल्या पेशी चरबीनं भरत्यात. खांद्यामागच्या पेशी तर ती चरबी जाळून ऊब देत्यात. आपली लवकर आली की."

"मग तेल चोळूया लई."

"वरनं चोळून पेशी भरत न्हाईत. दूध पिऊन भरतील, हळूहळू."

"तवर?"

"तवर कुणीतरी उघड्या छातीला धरायची."

"सूनबाई धरंल की."

"तिला ताप हाय. मला धरा म्हणत्यात."

"मग हितं का बसलास?"

"आत सगळ्या बायाच हायत, अव्वा. शर्ट काढायचा म्हंजे..."

"लंगोट लावून अख्ख्या गावापुढं कुस्ती खेळलास, तवा लाज कुटं गेल्ती? ऊठ!"

तो आत गेला. बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर आली.

"आजी, मुलाला जरा सांगा. चहाला जा म्हटलं तरी उठत नाहीत."

"पोरीचं अंग कसं हाय?"

"आता छान गरम लागतंय."

"मग बसू द्या की त्याला. चहा मी पिते."