वाइंडिंग खात्यातली नवी बाई

(पाण्याच्या मोटारींचा कारखाना. वाइंडिंग खात्यातलं शेवटचं टेबल.)

सासू : ऊठ. तुला इथे जागा नाही.

सून : मॅनेजरसाहेबांनी इथेच बसवलंय, बाई.

सासू : बाई? लग्न होऊन आलीस तेव्हापासून आई म्हणायचीस.

सून : तुमच्या मुलानं दुसरी आणून बसवली, तिथेच ते संपलं. इथे सगळ्याजणी तुम्हाला बाईच म्हणतात.

सासू : मी इथे नव्या बायकांना शिकवते म्हणून मुद्दाम आलीस. चारचौघींत माझी शोभा करायला.

सून : पोटासाठी आले. बाकी सगळीकडे आधी शिक्षण विचारतात. इथे नवी शेड उघडतेय म्हणून आठवी नापासलाही घेतायत.

सासू : घेतात. ठेवायचं कुणाला, ते मी सांगते.

सून : मग काम बघून सांगा.

सासू : बसव ही कॉइल मोटारीच्या खाचेत... ओढतेस काय अशी? तारेवरचा लेप खरवडलास. ही मोटार चालू केली की जळणार.

सून : तुम्ही दाखवलंत कुठे? सकाळी एकेकीला हात धरून दाखवलंत. माझं टेबल आलं आणि वळून गेलात.

सासू : तुला डोळे नव्हते?

सून : तुमची पाठ आड होती.

मॅनेजर : काय चाललंय इथे? बाई, या चालतील का नव्या शेडला?

सासू : हिच्या हाताला वळण नाही, साहेब.

मॅनेजर : मग उद्यापासून नको?

सून : साहेब, मला एकदा तरी शिकवलं का, तेवढं विचारा त्यांना.

मॅनेजर : बाई?

सासू : साहेब, हिचं काय ऐकताय...

मॅनेजर : शिकवलं की नाही?

सासू : नाही शिकवलं.

मॅनेजर : मला माणसं कमी पडतायत आणि तुम्ही निवडून शिकवताय? आधी शिकवा. सुटताना मला सांगा.

सासू : गेले साहेब. झालं तुझं समाधान?

सून : नाही. मी पिशवी घेऊन दारात उभी होते, तेव्हा तुम्ही ओट्याशी भांडी घासत होतात. घासलेलीच परत घासत होतात.

सासू : घर माझ्या मुलाच्या नावावर आहे. तोंड उघडलं असतं, तर मलाही बाहेर काढलं असतं त्यानं.

सून : काढलं असतं, तर दोघी असतो.

सासू : फार बोलतेस. तार घे हातात. अशी नाही, अंगठा आत.

सून : अशी?

सासू : हं. ओढायची नाही. बोटांनी सरकवत न्यायची, एकेक पदर. दाब आता. हळू.

सून : बसली.

सासू : बसली म्हणे. सैल आहे. काढ आणि परत बसव.

सून : साहेबांना काय सांगणार?

सासू : उद्या ये म्हणून सांगणार. आणि ऐक, सुटल्यावर मागच्या गेटनं जा. पुढच्या गेटवर तो मला न्यायला येतो.