चार बोटं खाली

केपटाउनजवळच्या मिचेल्स प्लेनमधल्या गॅरेजात माझ्या टायरचं पंक्चर निघायची वाट बघत बसलो होतो. शेजारी मिस्त्री नाझीम आणि म्हातारे क्लाइव्ह अंकल त्यांच्या जुन्या पिकअपपाशी उभे होते.

“नुसत्या मजुरीचे अडीच हजार रँड?”

“अंकल, खाऱ्या हवेनं सगळे बोल्ट गंजलेत. पुढच्या स्प्रिंगा, मागचे पाटे, सगळं खोलायचं. अख्खा दिवस जातो माझा.”

“मला गाडी फक्त चार बोटं खाली हवीय.”

“चार बोटं काय नि वीतभर काय, खोलायला तेवढंच लागतं. आणि या वयात गाडी जमिनीला टेकवून कुठं मिरवायचंय?”

“रोझलिनला वर चढता येत नाही रे.”

“आंटीला? मग उचलून बसवा की.”

“परवा उचलली. हाडं दुखतात तिची, किंचाळली. सीट खाली आली तर चाकाच्या खुर्चीवरून नुसती सरकवता येईल.”

“अँब्युलन्स का बोलवत नाही?”

“ती म्हणते, आपल्याच गाडीतनं जाईन.”

“बरं, मजुरी राहू द्या. सामानाचे तेवढे द्या. पण न्यायचंय कुठं?”

“नन्स चालवतात ना, त्या घरी. शेवटचे दिवस ठेवून घेतात तिथं.”

“त्या रस्त्याला नऊ गतिरोधक आहेत, अंकल. एवढी खाली केली तर दोघांच्या वजनानं गाडीचं पोट घासेल. जाताना नऊ, येताना नऊ.”

“जातानाच घासेल. येताना मी एकटाच असेन.”