खाटकाच्या घरचं रेशीम

मी मूळची हडपसरची, पण हडपसर म्हणजे वडील कारखान्यात लागले तेव्हापासूनचं, त्याआधी आमचं घर गावाबाहेर, कुठे ते कळलं ना तुम्हाला, माझ्या आजीला काठाचं लुगडं नेसून गावातून जाता यायचं नाही, काठ दुमडून आत घ्यायचा, दिसता कामा नये, आजी हे सांगायची आणि थुंकायची, खरंच थुंकायची. तर मी शिवण शिकले, मिस्टर वेल्डर, त्यांच्या नोकरीवर इकडे परदेशात आलो, आणि इथल्या हेन्डरसन भागात चोईबाईंच्या दुकानात मला काम लागलं.

चोईबाई कोरियाच्या. हानबोक शिवतो आम्ही, म्हणजे त्यांच्या लग्नासणाचा पोशाख, वर आखूड झंपर, छातीवर दोन लांब पट्ट्यांची गाठ, खाली मोठा घोळाचा परकर. दिसायला सोपं, पण ती गाठ, काय सांगू तुम्हाला, वर्षभर जमत नव्हती मला. आता मीच बांधते गिऱ्हाइकांना, चोईबाईंचे हात दुखतात.

मागच्या उन्हाळ्यात एक डॉक्टरीणबाई आल्या, आपल्याच मराठी, मुलगी ईशा बरोबर. ईशाचं लग्न कोरियन मुलाशी ठरलेलं. बाईंनी मला मराठीत बोलताना ऐकलं आणि अगदी खूश, अय्या, गाव कुठलं, आडनाव काय. माझं आडनाव सगळ्यांत असतं हो, त्यावरून काही कळत नाही, म्हणून मग हळूच, तुम्ही आपल्यातल्याच ना? आणि मी हो म्हटलं. कुणी बळजबरी केली नव्हती. तोंडातून गेलं, हो.

मग त्यांनी चोईबाईंना विचारलं, तुमच्यात सगळ्यात वरचे लोक काय घालायचे, आम्हाला तेच हवं. चोईबाई भोळ्या, सगळं सांगत बसल्या. रंगीत रेशीम बड्या घरचं, सोन्याची नक्षी राजवाड्यातली, साध्या माणसांना पांढरं सुती, आणि खाटकांना तर रेशीम नाहीच, पुरुषांनी बांबूची टोपी घालायची, लांबून ओळखू यावं म्हणून. आणि हसत म्हणाल्या, माझे पणजोबा खाटीक, आता मी रेशीम विकते. केवढ्या अभिमानाने म्हणाल्या! आणि चहा दिला, भाजलेल्या जवाचा देतात त्या सगळ्यांना.

डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला. मला मराठीत म्हणाल्या, शी, खाटकाच्या घरची, आणि मी अर्धा कप प्यायले पण. बरं झालं तुम्ही आहात. ईशाला तुम्हीच नेसवा हं, हिला हात लावू देऊ नका. तोंड हसरंच, चोईबाईंना वाटलं चहा आवडला, आणखी ओतायला पुढे झाल्या.

आणि मी काय म्हटलं असेल? हो ना, म्हटलं. हो ना! किळस आली बघा मला, त्यांची आली, त्यांच्या त्या हसण्याची आली, पण खरी माझीच आली. घरी जाऊन जेवले नाही.

ईशा इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं तिला, बोलते इंग्लिश. माझं हो ना ऐकून तिने आईकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. मावशी, रिअली? एवढंच म्हणाली.

लग्नाच्या दिवशी हॉलवर मी गेले. ईशाला नेसवलं, गाठ बांधली, म्हटलं सुखी राहा बाळा, आणि तिथेच सांगून टाकलं, मी तुझ्या आईशी खोटं बोलले. आजीच्या काठाचंही सांगितलं. ती म्हणाली, डोन्ट टेल मी, मावशी. टेल मम.

पुढचा नंबर आईचाच होता. निळं रेशीम, सोन्याची नक्षी, हवं होतं तेच. दोन्ही पट्ट्या माझ्या हातात होत्या, म्हटलं ताई, मी तुमच्यातली नाही. आणि कुठली ते सांगितलं, स्पष्ट. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. अहो, आम्ही नाही मानत असलं काही, म्हणाल्या. आणि माझ्या हातातून पट्ट्या काढून घेतल्या. राहू दे, मी बांधते.

बुटाच्या नाडीसारखं काहीतरी बांधलं आणि गेल्या, पुढच्या रांगेत सासरच्या सगळ्या कोरियन बायकांसमोर तशाच बसल्या. मी नीट करायला गेले नाही.

चोईबाईंना अजून सांगितलेलं नाही मी. रोज चहा देतात, रोज पिते, आणि रोज वाटतं आज सांगावं, मी हो ना म्हटलं होतं म्हणून. ईशाचं चांगलं होवो. पोरीने निदान विचारलं तरी, रिअली म्हणून.