अध्यक्षांचं जादा मत

"अध्यक्षांनी ग्लायडिंग क्लब घशात घातलाय, मधुसूदनराव. मला सभासदांतून काढलं."

पिंपरीला बसच्या रांगेत हे दोघं माझ्यापुढे उभे होते. बोलणाऱ्याचे हात ग्रीसनं काळे झालेले.

"काय सांगतोस, कादर? ग्लायडर वर खेचायचं यंत्र चार वर्षं तूच चालवतोस."

"म्हणूनच. ठराव केला की यंत्र चालवणारा तो नोकर, नोकरानं उडायचं नाही. येत्या रविवारी मी पहिल्यांदा एकटा उडणार होतो."

"साठ सभासद असताना ठराव पास कसा झाला?"

"गेल्या रविवारी दहाच्या वार्षिक सभेला सहाच आले. कोरम नाही म्हणून सभा तहकूब केली, अर्ध्या तासानं त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरवली. मग कोरम लागत नाही. मतं पडली तीन-तीन. अध्यक्षांनी जादा मत टाकलं."

"हरामखोर आहेत लेकाचे."

"त्यांना शिव्या नका देऊ. ते निदान येतात. तुम्हाला नोटीस मिळाली होती?"

"मिळाली होती."

"शिफ्ट होती?"

"रविवारी कसली शिफ्ट? दरवर्षी तेच चालतं रे, म्हणून..."

"शंभर वेळा तुम्हाला वर सोडलंय मी. एक हात कमी पडला."

"बस आली, कादर."

"येऊ दे. रविवारी दहाला कुठं होता, ते सांगा आणि मग चढा."